धामापूरच्या तळ्याकाठी तंबू, आणि दिराला लावायचाय दोर

मनवा_चिपळूण

नाताळच्या सुट्टीत आम्ही सासरी जातोय, मालवण तालुक्यात. थोरला सात वर्षांचा, धाकटी नुकतीच चारची झाली. वर्गातल्या कुणीतरी पवना धरणाजवळ तंबूत राहिल्याचे फोटो दाखवले आणि तेव्हापासून आमच्याकडे रोज रात्री पलंगावर चादरीचा तंबू पडतो. मला त्यात रांगत जाऊन गोष्ट सांगावी लागते, माझी कंबर काय म्हणते ते कुणी विचारत नाही.

तर ठरवलं की या वेळी खराच तंबू. नवऱ्याच्या मावशीची धामापूरला तळ्यापासून जवळ बागायत आहे. माड, पोफळी, वरच्या अंगाला काजू. तिथे एक रात्र काढायची. मावशी हो म्हणाल्या, सासूबाई हो म्हणाल्या, इथवर सगळं गोड.

आता दीर. पुण्यात नोकरी. गेल्या हिवाळ्यात त्याने रॉक क्लायंबिंगचा बेसिक कोर्स केला आणि तेव्हापासून त्याला जिथे तिथे कडेच दिसतात. आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जांभ्या दगडाची एक बंद पडलेली चिरेखाण आहे. बरीच खोल. एका कोपऱ्यात पावसाचं पाणी साचून हिरवंगार डबकं झालंय, ते एप्रिलपर्यंत टिकतं. दिराचं म्हणणं, धामापूर कशाला, खाणीतच तंबू टाकू. पाणी समोर, कडा मागे, वर काजूला दोर बांधतो, दोन्ही पोरं चढतील. त्याच्याकडे मित्राकडून घेतलेला दोर आहे, हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचे कमरेचे पट्टे, मोठ्यांचे दोन आहेत, मुलांना "पट्टे आवळून बसवू". नवरा नेहमीप्रमाणे "बघू". सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोरांका घेवन खाणीत?" आणि उठून माजघरात गेल्या.

मला चढाईतलं ओ की ठो कळत नाही. मुलांना मिळालं तर हवंच आहे, थोरला तर माकड आहे. पण चार वर्षांच्या मुलीला हार्नेस घालतात का? जांभ्यावर चढतात का? पाण्याची भीती मला जरा जास्तच, कारण आम्ही चिपळूणचे. वाशिष्ठीच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या बघत मोठी झालेय. आणि साप-विंचू हा प्रश्न विचारला की घरात सगळे मला हसतात.

"जाऊ नका" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण कारण सांगा. दिराला कारण लागतं.

वीकेंड_वारकरी

पवनेलाच जा की. तंबू, गादी, बार्बेक्यू, गिटारवाला, सगळं तयार मिळतं. दहा मिनिटांत बुकिंग.

कट्ट्यावरचो_मालवणी

वारकरी भाऊ, ती सासरी चाललीय. मावशीची बाग सोडून घाट चढून पवनेला गिटार ऐकायला कशाला जाईल?

वहिनी, धामापूर म्हणजे झकास जागा. पोरांना आधी तळ्याची गोष्ट सांगा. हे नैसर्गिक तळं नव्हे, बांधलेलं आहे. दोन डोंगरांच्या मधे मातीचा बांध घालून १५३० साली नागेश देसाई यांनी, ते विजयनगरच्या राजांचे मांडलिक. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी. २०२० मध्ये सिंचनाच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव गेलं. काठाला भगवतीचं देऊळ. आमची आजी सांगायची, लग्नकार्याला दागिने नसले की परडीत फुलं घालून तळ्यात सोडायची, परडी बुडायची आणि वर येताना दागिने घेऊन यायची. कार्य झालं की दागिने परत. मग एका शहाण्याने ठेवून घेतले, आणि दुकान बंद! रात्री तंबूत ही सांगा, दोघं गप पडून ऐकतील.

आता कामाचं. देवळाच्या अंगाला किंवा अगदी काठावर तंबू ठोकू नका. देवस्थान आहे, आणि त्या पाण्यावर लोकांची शेती-बागायत आहे. साबण, भांडी, शॅम्पू काही तळ्यात नाही. मावशीच्या बागेत राहा आणि सकाळी चालत तळ्यावर जा.

बागेतही जागा बघून. नवखी माणसं हमखास माडाखाली तंबू टाकतात, सावली छान म्हणून. वरून नारळ आला तर? नारळ सोडा, सुकलेली झावळी रात्री वाऱ्याने सुटली तरी तंबूचं कापड फाटतं. माडापासून लांब, पोफळीच्या पाटाच्या ओलीपासूनही लांब. खळं असेल तर सगळ्यात बरं. सारवलेलं, सपाट, घर हाकेच्या अंतरावर, आणि रात्री चेडू रडायला लागली तर उचलून आत नेता येतं.

आणि एक, खाजकुयली! डिसेंबरात शेंगा सुकतात, वरची सोनेरी लव वाऱ्यावर उडते. मुलांना ती मखमल वाटते आणि हात लावतात. कुंपणाच्या कडेने आधी मोठ्या माणसाने एक फेरी मारा. लागलीच तर खाजवू द्यायचं नाही, चिकटपट्टी लावून लव ओढून काढा, मग पाण्याने धुवा.

खाणीचं मी काय बोलू. आमच्या वाडीत खाणीच्या पाण्यात म्हैस पडली, तिला वर काढायला जेसीबी आणावा लागला. पोहणारं जनावर, पण काठच नाही तर येणार कुठून बाहेर?

पेणची_रोपवाली

मनवा, सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

मी शाळेत पीटी शिकवायचे आणि सुट्ट्यांत मुलांना कातळावर न्यायचे. शाळा सुटली, कातळ सुटला नाही. तेव्हा "लहान पोरांना चढाई कशाला" म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. पोरं चढतातच. खिडकीच्या गजावर, पेरूच्या झाडावर, बापाच्या पाठीवर. मला अडचण मुलांची नाही, त्या दगडाची आहे.

दिराला कारण हवंय ना, मग त्याला हे वाचून दाखव. पुण्याकडे कोर्स केला म्हणजे तो काळ्या कातळावर शिकला. बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात बोल्ट, म्हणजे दोर अडकवायचा खिळा, पक्का बसतो, भेगेत नट, म्हणजे धातूची पाचर, अडकतो, पकड कुठली खरी आणि कुठली हलते ते ठोकून आवाजावरून कळतं. तुमच्या सड्यावर जांभा आहे. मूळ खडकावर युगानुयुगं पाऊस पडून विरघळणारं सगळं धुऊन गेलं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम तेवढं मागे राहिलं, तो हा लाल भोकाभोकांचा दगड. खाणीतून निघताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो, म्हणून तर चिरे कापता येतात आणि घरं पिढ्यानपिढ्या उभी राहतात. घराला उत्तम. पण त्याची ताकद वीतभर अंतरावर बदलते. इथे ठोकलं तर हातोडी उडते, आणि शेजारी ठोकलं तर खिळा सरसर आत, कारण मागे मातीचा कप्पा. अशा दगडात लावलेल्या बोल्टवर मी माझी पिशवीसुद्धा टांगणार नाही.

"बोल्ट नाही, झाड वापरतोय" असं तो म्हणेल. तर सड्यावर माती किती असते? वीत, फार तर दोन वीत. खाली कातळ. मुळांना खाली जाता येत नाही, ती आडवी पसरतात. काजू वरून कितीही ऐसपैस दिसला तरी खाणीच्या काठावर त्याची एका बाजूची मुळं खाण काढतानाच कापली गेलीत. पुढच्या पावसाळ्यात खाणीच्या काठाने चक्कर मारा, एखादं झाड बुंध्यासकट आत लवंडलेलं सापडेल.

आणि ती भिंत. मशीनने कापलेली, सरळसोट, थराथराच्या रेघा सोडल्या तर पाय ठेवायला काही नाही. त्यावर सात वर्षांचा मुलगा चढणार नाही, काका त्याला बादलीसारखा वर ओढून घेईल आणि दोघांना वाटेल चढाई झाली. काठावर खाणीतला राडारोडा तसाच पडलेला असतो. दोर हलला की खडे खाली, आणि खाली कोण उभं आहे? धाकटी. दोराचं म्हणाल तर जांभ्याची भोकं कडेला धारदार असतात, दोराचं वरचं विणलेलं आवरण एका दिवसात पिंजून निघतं. शिवाय तो दोर मित्राचा. किती जुना, किती वेळा मोठी पडझड झेलली, गाडीच्या डिकीत बॅटरीच्या ॲसिडशेजारी पडून होता का, हे ठाऊक नसेल तर त्याने सामान बांधायचं, माणूस नाही.

खाणीच्या पाण्याचं मालवणी भावाने सांगितलंच आहे. तळ्याला उतार असतो, घोटा, गुडघा, मांडी असं कळत जातं. खाणीला पहिलं पाऊलच पुरुषभर. आणि मूल बुडताना सिनेमात दाखवतात तसं ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, हात खाली दाबत, आवाज नाही. शेजारी बसून मोबाईल बघणाऱ्याला कळत नाही.

यातून मी मुख्य गोष्टीवर येते. पाणी आणि कातळ एका जागी, एका वेळी नको, कारण माणसं पुरत नाहीत. हिशेब कर. दोराला बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणारा, एक, त्याने दुसरीकडे बघायचंच नाही. पाण्याजवळच्या मुलावर नजर ठेवणारा एक, त्याने चुलीकडेही बघायचं नाही. चढणाऱ्या मुलाला खालून बोलणारा एक. स्वयंपाक एक. तुम्ही तिघं आणि सासूबाई. सासूबाईंना तू कुठल्या कामाला लावणार? दीर बिले देताना धाकटीला शू लागली की सगळा डाव मोडतो. मुलांबरोबर डोंगरात जे वाईट होतं ते बहुतेक दोरावर होत नाही, ते असं कुणीतरी "दोन मिनिटं बघ हं" म्हणून उठल्यावर होतं.

तेव्हा पहिला दिवस तळ्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी नाही, दगड. पण दोर नको. डिसेंबरात बागेजवळचा एखादा ओहोळ आटलेला असेल, त्यात काळे गोटे असतात, पावसाने घासून गोल झालेले, कमरेएवढे, छातीएवढे. खाली वाळू असेल असे दोन-तीन निवडा. नियम एकच, मुलाचे पाय बापाच्या कमरेच्या वर जायचे नाहीत. बाप मागे, हात वर, तळवे उघडे, मुलाला धरायचं नाही, पडलं तर पाठ आणि डोकं सावरायचं. आणि चढायच्या आधी उतरायला शिकवा. तोंड दगडाकडे, पोट दगडाला चिकटवून, एक पाय खाली सोडून चाचपायचं. चढलेलं पोर वर अडकतं ते याच कारणाने, त्याला उतरताना पाय दिसत नाहीत. माझ्याकडे आलेल्या मुलांचा पहिला तास याच्यातच जातो. कंटाळत नाहीत, उलट दिवाळीसारखा गोंधळ घालतात.

तुझी मुलगी बहुधा एकदा चढेल आणि मग गोटे गोळा करत बसेल. बसू दे. तिची सहल झाली.

हार्नेसबद्दल. मोठ्यांचा पट्टे आवळून अजिबात नाही. कमरेचा हार्नेस कमरेच्या हाडावर अडकून राहतो, आणि एवढ्या लहान मुलांना ते हाड नसल्यातच जमा. त्यात डोकं अंगाच्या मानाने जड. दोरावर उलटं झालं की मूल हार्नेसमधून सटकू शकतं. चार वर्षांच्या मुलीला खांद्यावरून पट्टे येणारा पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो, ज्यात दोर छातीशी बांधतात. सात वर्षांच्याला कंबर भरली असेल तर लहान मुलांचा साधा चालतो, नसेल तर त्यालाही पूर्ण अंगाचा. हेल्मेट दोघांना, मुलाच्या डोक्याच्या मापाचं, आणि खाली उभ्या असणाऱ्यांनाही.

थोरल्याला खरंच दोरावर चढवायचंय तर जानेवारी-फेब्रुवारीत इकडे उत्तरेला आणा. बेलापूरच्या कातळावर मुंबईचे क्लब वर्षानुवर्षं सराव करतात, दोर बांधायला पक्के अँकर आहेत. पैसे घेऊन नेणारा कुणी असेल तर त्याला आधी विचारा, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती मागितली आहे. "नोंदणी वगैरे काय ताई, बारा वर्षं नेतोय" असं उत्तर आलं की फोन ठेवून द्यायचा.

कुठल्याही उंच कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर तिथून मागे. शेकोटी नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. मोठा माणूस पळेल, दोराला बांधलेलं मूल कुठे पळणार?

रात्रपाळी_डॉक्टर

सिंधुदुर्गात ग्रामीण रुग्णालयात काम करतो. ज्या प्रश्नावर घरात हसतात त्याच्यावर लिहितो, कारण आमच्याकडे रात्री येणाऱ्यांत त्याच गोष्टी असतात.

आधी विंचू. कोकणातला लाल विंचू छोटा दिसतो, पण लहान मुलांत हृदयावर परिणाम करतो. एकेकाळी दंश झालेली कितीतरी मुलं दगावायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे साधं रक्तदाबाचं औषध यावर चालतं हे दाखवलं आणि चित्र पालटलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. औषध स्वस्त आहे, गोळी आहे, पण लवकर मिळावं लागतं. मुलाला दंश झाला आणि घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर "उतरेल सकाळपर्यंत" म्हणून थांबायचं नाही. हा विंचू जांभ्याच्या दगडांखाली, चिऱ्यांच्या ढिगात, लाकूडफाट्यात आणि रात्री बाहेर काढलेल्या बुटांत सापडतो. चिरेखाणीत तंबू टाकणं म्हणजे त्याच्या दारात झोपणं. बूट रात्री तंबूच्या आत घ्या आणि सकाळी तरीही झटका. चुलीसाठी लाकडं दिवसाउजेडी आणून ठेवा, अंधारात ढिगात हात घालू नका.

साप. सड्यावर फुरसं आहे, दिवसा दगडाखाली बसलेलं असतं, म्हणून मुलांनी दगड उलटायचे नाहीत. रात्री जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावते आणि कधी कधी चावल्याचं कळतही नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. तंबूला शिवलेला तळ हवा, चेन कायम बंद. आत-बाहेर करणारी मुलं ती उघडी टाकतात, तेव्हा चेन हे एका मोठ्या माणसाचं काम. चावलंच तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक नाही. मुलाला चालवायचं नाही, उचलायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, आणि १०८ किंवा स्वतःची गाडी. साप मारून आणायची गरज नसते, आम्ही लक्षणांवरून उपचार करतो. निघण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून सर्पदंशाची लस आणि डॉक्टर आहेत का विचारून ठेवा. मोठी सोय ओरोसला जिल्हा रुग्णालयात.

गोचीड. डिसेंबरपासून मे-पर्यंत दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या जंगलात माकडताप असतो. हा आजार पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, आपल्या जिल्ह्यात २०१६ पासून रुग्ण दिसले. तुम्ही मालवण तालुक्यात बागेत राहताय, घाबरण्यासारखं नाही. पण त्या बाजूला तिलारीकडे फिरायचा बेत जोडणार असाल तर पाय झाकणारे कपडे, पाचोळ्यात बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी मुलांच्या काखा, जांघा, कानामागे बघा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडेपेटी नको. नंतर ताप आला तर डॉक्टरला सांगा की गोचीड निघाली होती. हे वाक्य आई-बाप विसरतात आणि आमचा एक दिवस फुकट जातो.

शेवटचं, आणि हे नक्की पाळा. पहाटे गारवा वाटला, दंवाने तंबू ओला झाला, म्हणून निखाऱ्याची शेगडी आत घ्यायची नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपूनच राहतो. थंडी वाजली तर गोधडी वाढवा. जाळीची खिडकी उघडी राहू द्या, दंवही आत कमी साचेल.

दीर_इथेच_आहे

मीच तो दीर. वहिनीने लिंक पाठवली, खाली फक्त "वाच".

पेणच्या ताई, मी बेफिकीर नाही. एका झाडाला नाही, तीन झाडांना अँकर घेऊन भार समान वाटणार होतो. काठाला दोराखाली जुन्या गोणपाटाची गादी टाकणार होतो. दोर दहा मिलिमीटरचा डायनॅमिक, म्हणजे झटका बसला की ताणणारा, आहे, मित्राने दोनच वर्षं वापरलाय. आणि खाणीत सकाळी आठ ते अकरा सावली असते, ते कुणी विचारलंच नाही.

पेणची_रोपवाली

अरे, तुझं शिक्षण नीट झालंय हे यातूनच दिसतं. भार वाटणं बरोबर, गादी बरोबर, सावलीचा विचारही बरोबर. फक्त तिन्ही झाडं त्याच वीतभर मातीत आहेत. भार वाटल्याने वाईट झाड चांगलं होत नाही. एक सुटलं की भार झटक्याने उरलेल्या दोघांवर जातो, आणि ती दोन्ही पहिल्याइतकीच कच्ची.

दोराबद्दल मित्राला विचार, त्यावर कुणी मोठा पडला होता का. मग दोर टोकापासून टोकापर्यंत बोटांतून काढ. हाताला गाठोळं, सपाट जागा, मऊ पडलेला भाग लागला तर तो तुकडा गेला. नाही लागला तरी इतिहास ठाऊक नसलेल्या दोरावर पोराला नको.

पण तू कामाला ये. बागेत सपाट जागी दोन जाड झाडं बघ. पोफळी नकोत, त्या वाकतात. आंबा-फणस असेल तर गुडघ्याच्या उंचीवर तोच दोर ताणून बांध, दुसरा दोर हाताला धरायला खांद्याच्या उंचीवर, तुझ्या नव्हे, पोरांच्या खांद्याच्या. झाडाच्या सालीला गोणपाट. पोरं तासभर त्या दोराच्या पुलावरून जा-ये करतील, पडली तर पाचोळ्यावर पडतील, आणि तुझ्या मित्राच्या दोराचंही सार्थक होईल. थोरल्याला आठाची गाठ शिकव. आधी सैल आठ, मग तिचाच माग काढत उलट. सात वर्षांचं पोर ती शिकतं. फेब्रुवारीत बेलापूरला आलात की स्वतःची गाठ स्वतः बांधेल, तू फक्त तपासायचीस.

दीर_इथेच_आहे

आंबा आहे. दोन आहेत. अंतर पावलांनी मोजून आई सांगते म्हणाली.

कट्ट्यावरचो_मालवणी

रे, आवशीक मोजूक लावतंस? स्वतः ये आणि मोज.

मनवा_चिपळूण

सगळ्यांना खरंच मनापासून धन्यवाद. खाण रद्द. नवऱ्याचं "बघू" आता "बरोबर आहे" झालंय.

ठरलं ते असं. आल्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंच्या खळ्यात तंबू उभा करून एक रात्र सराव. धाकटी तिथेच घाबरली तर पुढचं रद्द करून सरळ माजघर. दुसऱ्या दिवशी मावशींकडे, तळ्यावर फक्त सकाळी, आणि पाण्याजवळ मुलांवर नजर ठेवायचं काम माझं. फोन नवऱ्याच्या खिशात राहील, मी त्याला तसं सांगितलंय. त्याच्या पुढच्या सकाळी दोराचा पूल आणि ओहोळातले गोटे, ते काम दिराचं, आणि तेव्हा मी चूल सांभाळणार. मावशी म्हणतात ओहोळ आटलाय, एका डोहात थोडं पाणी आहे, तेवढा टाळायचा. मोहोळ कुठे आहे का ते त्यांचा गडी आधी बघून येईल.

जेवण साधं. रात्री उकडा भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा, पोरांना भाताबरोबर तूप. सकाळी पेज. मावशी घावणे करून पाठवते म्हणतात, मी नको म्हणणार नाही. तंबूत खाण्याचं काही ठेवायचं नाही, मुंग्या आणि उंदीर दोन्ही येतात, हे सासूबाईंनी न विचारता सांगितलं.

डॉक्टर, तुमचा विंचवाचा परिच्छेद मी जेवायच्या टेबलावर मोठ्याने वाचला. कुणी हसलं नाही.

दोन प्रश्न उरलेत. बागेतल्या घरात संडास आहे, पण रात्री दार लांब. चार वर्षांच्या मुलीसाठी तंबूजवळ झाकणाचा डबा ठेवला तर चालेल का, की त्याने काही जनावर येईल? आणि पेणच्या ताई, फेब्रुवारीसाठी थोरल्याचा हार्नेस विकत घेऊ की थांबू? त्याची कंबर म्हणजे माझ्या दोन मुठी.

पेणची_रोपवाली

डबा चालेल, झाकण घट्ट, सकाळी लगेच रिकामा. मुलीबरोबर जाणाऱ्याने टॉर्च आधी जमिनीवर मारायचा, मग पाय टाकायचा.

हार्नेस घेऊ नकोस. दोन मुठी कंबर म्हणजे पूर्ण अंगाचाच लागणार, आणि तो वर्ष-दीड वर्षात तोकडा होतो. माझ्याकडे नातवाचा आहे, मी स्वतः घेतलेला, शिवण तपासलेली. बेलापूरला यायचं नक्की झालं की आधी त्याची उंची आणि वजन कळव.